पळीभर तेल

या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "स्मारकाच्या दिव्याची वर्गणी." चालक क्षणभर गप्पच बसले. त्यांना वाटले असावे, की हा हमालांचा पुढारी आता व्यासपीठावरूनच पावतीपुस्तक काढणार! तशी भीती कोणी बाळगू नये. पावतीपुस्तक मी घरी ठेवून आलो आहे. पण वर्गणी हा इतिहासाचाच विषय आहे आणि तो राजांच्या लढायांइतका जुना आहे, एवढे मात्र मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे शिक्षण मिरचीच्या बाजारात पोत्यांवर बसून आणि रात्री सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पंडितांनी माझ्या चुका अवश्य काढाव्यात. मला राग येणार नाही.

गोष्ट अशी. आपल्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चौकात एका हुतात्म्याचा पुतळा आहे. गावाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण ज्यांच्या हातून चुका झाल्या ती माणसे आजही तेथे नांदत आहेत, आणि त्यांत पहिला मी. पुतळा उभा राहिला त्या दिवशी मोठा समारंभ झाला. हार पडले, भाषणे झाली. एक भाषण माझेही झाले. रात्री मांडववाल्याने आपले दिवे उतरवून नेले आणि पुतळा अंधारात गेला. पुढे कित्येक वर्षे, जयंती-पुण्यतिथीचे दोन दिवस वगळले, तर तो अंधारातच होता. रात्री त्याच्या चौथऱ्याला खेटून टेम्पो उभे राहत, आणि नवखा माणूस चौकातून गेला तर येथे कोणी उभा आहे हे त्याला कळतही नसे.

मग २००७ साली आम्ही दिव्यासाठी वर्गणी काढली. हमाल, मापाडी, हातगाडीवाले, काही शिक्षक, चौकातले शिंपी आणि न्हावी, सगळ्यांनी दिली. महिनाभरात पैसे जमले. खांब आला, दोन झोताचे दिवे बसले. दिवे लागले त्या रात्री चौकातील म्हातारी माणसे पुतळ्याच्या तोंडाकडे अशी पाहत राहिली, की जणू तो त्याच दिवशी गावात आला होता. एकाने मला विचारले, "याच्या कपाळावर खोक दाखवली आहे, ती आधीपासून होती?" आधीपासून होती. कोणी पाहिलीच नव्हती.

दिवे नऊ महिने जळले. दहाव्या महिन्यात बिल थकले म्हणून वीज तोडली गेली.

मी सभा घेतली आणि वीज तोडणाऱ्यांवर तोंडसुख घेतले. टाळ्या मिळाल्या. घरी येऊन वर्गणीची वही उघडली. वहीत खांबाचे पैसे होते, तारेचे होते, गवंड्याचे होते, उद्घाटनाच्या पेढ्यांचेही होते. विजेचे नव्हते. मीटर कोणाच्या नावाने, बिल कोणी आणि कशातून भरावयाचे, याविषयी एक अक्षर नव्हते. ती वही माझ्या हातची होती. तीस-तीस वर्षे कामगारांना सभासदवर्गणीचे महत्त्व पटवून देणाऱ्या माणसाच्या हातची! दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या हमालाला मी हे सांगितले, तर तो पाठीवरचे पोते थप्पीला लावीत अहिराणीत म्हणाला, "समई देणारानं नाव समईवर ऱ्हास, भाऊ. तेल टाकणारानं कोठे ऱ्हास?"

त्या प्रश्नाने मला इतिहासाच्या पुस्तकांकडे लावले. आणि पहिले उत्तर मिळाले ते आपल्या खानदेशातच.

चाळीसगावपासून जवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवी म्हणून आपण त्याला ओळखतो. तेथल्या भवानीच्या देवळात शके ११२८ चा एक शिलालेख आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला, आणि त्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेव राजाने दान दिले, अशी हकिगत त्यात कोरली आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण बाजारात येणाऱ्या मालावर काय द्यावयाचे, कोणी द्यावयाचे, हा भाग आला की लेख एकदम मराठीत उतरतो! राजाची स्तुती संस्कृतात आणि वसुलीचा तपशील मराठीत. ज्याच्या गाठीचे जावयाचे त्याला ते समजले पाहिजे, एवढा शहाणपणा त्या काळच्या कारभाऱ्यांना होता. आजच्या कचेऱ्यांतून निघणारी पत्रके वाचताना मला त्यांची आठवण होते.

तर त्या मराठी भागात एक लहानसे कलम आहे: तेल्याच्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल मठाला द्यावे. मी हे वाचले आणि पुस्तक मिटून बसलो. आठशे वर्षांपूर्वी आपल्या मुलुखातील तेली घाण्याला बैल जुंपीत होता, आणि त्या घाण्यातील एक पळी एका विद्येच्या ठिकाणी जात होती. ते तेल स्वयंपाकात पडले असेल, रात्री पोथी वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिव्यातही जळले असेल. पळीभर तेलाने घाणेवाला बुडत नाही. पण घाणा फिरतो तोवर पळी येत राहते. माझ्या वहीत नेमकी तीच ओळ नव्हती.

पुढे वाचत गेलो तसे दिसून आले, की आपल्या जुन्या लोकांनी या बाबतीत सहसा चूक केलेली नाही. देवळाला जमीन इनाम देताना पूजा, नैवेद्य यांच्याबरोबर दिवाबत्तीची तरतूद वेगळी लिहिलेली असे. दगडी दीपमाळ उभी करणारा एक, आणि त्रिपुरी पौर्णिमेला तिच्यावर पणत्या चढवणारे गाव दुसरे. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणून प्रसिद्ध असलेली शिळा आहे. शके ११९५ ते ११९९ या काळात देवळासाठी ज्यांनी ज्यांनी दिले त्यांची ती यादी. रामदेवराव यादव आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांची नावे तीत आहेत, आणि ज्यांना आज कोणी ओळखत नाही अशा साध्या माणसांचीही आहेत. पुढे लोकांचा असा समज झाला, की या शिळेला पाठ घासली म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते. शतकानुशतके वारकऱ्यांनी पाठी घासल्या आणि अक्षरे झिजली. वर्गणीदारांची यादी लोकांच्या पाठींनी झिजावी, हे मला मोठे योग्य वाटते. माझ्या संघटनेतील माणसांच्या पाठी पोत्यांनी झिजलेल्या आहेत.

आता जवळच्या काळात येऊ. स्मारकासाठी सर्व समाजाकडून पैसा गोळा करणे म्हटले की महाराष्ट्रात पहिली आठवण रायगडाची होते. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा प्रसिद्ध केला आणि विस्मृतीत गेलेल्या त्या राजाला शेतकऱ्याकष्टकऱ्यांच्या दारात आणून उभे केले. पुढे १८९५ साली रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेविषयी लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून आवाज उठवला, पुण्यात सभा झाली, आणि समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी सुरू झाला. मोठ्या रकमा आल्या तशा विद्यार्थ्यांच्या आणि गरिबांच्या किरकोळ रकमाही आल्या. पण या निधीचे दैव विचित्र. पैसे ज्या बँकेत ठेवले होते ती बुडाली. टिळक १९२० साली गेले. समाधीचे काम पुरे झाले १९२६ साली. म्हणजे वर्गणीचा पहिला पैसा आणि शेवटचा दगड यांत एकतीस वर्षांचे अंतर आहे. एका पिढीने दिले आणि दुसरीने पाहिले.

या एकतीस वर्षांत तो विषय मेला का नाही? पैसे बुडालेले, समाधी तशीच, पुढारी तुरुंगात. तरी मेला नाही, कारण १८९६ साली रायगडावर उत्सव झाला होता आणि शिवजयंतीची ती प्रथा गावोगाव पसरली होती. वर्षातून एक दिवस माणसे जमत, बोलत, ऐकत. दगड १९२६ ला बसला; तेल मात्र तीस वर्षे आधीपासून पडत होते. इतिहासकार समाधीच्या खर्चाचा हिशेब देतात. त्या उत्सवांत पणत्या कोणी लावल्या, सतरंज्या कोणी उचलल्या, त्यांचा हिशेब मला कोठे आढळला नाही.

येथे माझ्या धंद्यातील एक उलटे उदाहरणही सांगतो, नाही तर आपण म्हणाल, की हा सोयीचे तेवढेच सांगतो. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. आपल्या देशातील कामगार चळवळीची सुरुवात आम्ही तेथून मानतो. त्या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लिखित नियम नव्हते. तरीही १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली! आज येथे बसलेल्यांपैकी जे रविवारी घरी झोप काढतात त्यांनी लोखंड्यांचे नाव अवश्य लक्षात ठेवावे. तेव्हा वर्गणीवाचून काहीच होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. एका माणसाच्या अंगच्या तेजावर बरेच होते. पण १८९७ साली प्लेगच्या साथीत लोखंडे वारले आणि ती संघटनाही त्यांच्यामागून गेली. रविवार राहिला, संघटना राहिली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मी अजून त्यांचा मेळ घालीत आहे.

आता आपल्या घरचा इतिहास.

९ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव'चा लढा पेटला, आणि त्याला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, नंदुरबारात शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. माणिक चौकात पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शाह असे पाच जण पडले. शिरीषकुमारच्या हातात तिरंगा होता. त्याचा जन्म १९२६ च्या डिसेंबरातला. म्हणजे सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. मिरवणुकीतील मुलींवर बंदूक रोखली गेली तेव्हा तो पुढे झाला, अशी आठवण नंदुरबारात अजून सांगतात. माणिक चौकात स्मारक आहे, आणि ९ सप्टेंबरला शाळांची मुले तेथे येतात.

त्या पाच आडनावांकडे एकदा नीट पाहा. शिरीषकुमारच्या घरी गुजराती बोलत, केतकर मराठी. १ मे १९६० ला दोन राज्ये झाली, आणि पश्चिम खानदेशातील कित्येक गावे तोडून गुजरातला जोडली गेली. पण माणिक चौकातील त्या पाचांची वाटणी कोणी मागितली नाही. मुंबईतल्या हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे जे शिल्प आहे त्यात शेतकरी आणि कामगार या दोघांनी मिळून एकच मशाल धरली आहे. तेथे मी प्रत्येक खेपेस थांबतो. कामगाराला त्या शहरात मान दिलेली जी थोडी ठिकाणे आहेत त्यांपैकी ते एक. आणि प्रत्येक खेपेस माझ्या मनात येते, की शिल्पातील मशाल स्वतः उजेड देत नाही. रात्री तिच्यावरही दुसरीकडून प्रकाश टाकावा लागतो.

हे झाले शहरातल्या पाचांचे. नंदुरबारच्या गोळीबाराला सहा महिने पुरे झाले नव्हते, तोच २ मार्च १९४३ ला तळोदे तालुक्यातील रावलापाणी येथे दुसरा गोळीबार झाला. तो आदिवासींवर झाला. संत गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांस मान द्या असा उपदेश करून 'आप' धर्माची चळवळ उभी केली होती. त्यांच्या आरतीला डोंगरातून हजारो माणसे येत. दारू सुटल्याने गुत्तेदारांचे नुकसान, आणि एवढी माणसे एका जागी जमतात याचे सरकारला भय. महाराज १९३८ साली वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. त्यांच्याबरोबर निघालेल्या अनुयायांवर रावलापाणीच्या नाल्यात बंदुका चालल्या. तेथील खडकावर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात, आणि दर २ मार्चला आदिवासी बांधव तेथे श्रद्धांजली वाहावयास जमतात.

श्रोतेहो, आपल्यापैकी किती जणांना माणिक चौकातील पाच नावे येतात? पुष्कळांना येत असतील; शाळेत पाठ करून घेतली आहेत. रावलापाणीचे एक तरी नाव? मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत येत नव्हते, आणि मी याच जिल्ह्यात आदिवासी मजुरांची संघटना बांधीत फिरत होतो! पाच जण बाजारपेठेच्या चौकात पडले, रस्त्यावरच्या दिव्याखाली. दुसरे नाल्यात पडले. दिवा कोठे असतो यावर आठवण कोठे पोहोचते हे बरेचसे ठरते, असे मी त्यावरून समजलो. बाजारपेठेत दिवा अगोदर येतो, म्हणून बाजारपेठेचा इतिहास अगोदर लिहिला जातो.

सरकारने स्मारके बांधली नाहीत असे नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र शासनाने स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांसाठी राज्यभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके बांधली. कल्पना चांगली होती. पण पुढे त्यांतील कित्येकांची पडझड झाली, दारेखिडक्या गेल्या, आणि वर्तमानपत्रांना दर ऑगस्ट महिन्यात लिहावयास एक ठराविक विषय मिळाला. माझ्या मते तेथेही तेच झाले, जे माझ्या वहीत झाले होते. बांधकामाची तरतूद झाली, तेलाची राहिली. सरकारची वही मोठी असते, एवढाच फरक.

असो. आता पुन्हा आमच्या चौकाकडे वळतो.

दुसऱ्यांदा वर्गणीचा विचार सुरू झाला तो मिरचीच्या हंगामात. ज्यांनी नंदुरबारच्या पथाऱ्या पाहिल्या असतील त्यांना ते दृश्य माहीत आहे: मैदानेच्या मैदाने लाल, आणि त्या लाल रंगात बसून देठ खुडणाऱ्या बाया. ठसका लागू नये म्हणून नाकातोंडावरून पदर आवळलेला. आमच्या गावाहूनही बायांच्या टोळ्या पथाऱ्यांवर कामाला जातात. पहाटे पाचाच्या सुमारास चौकाच्या पुढच्या वळणावर त्या टेम्पोची वाट पाहत उभ्या असतात. मी दुपारच्या सुटीत त्यांच्यापुढे विषय काढला. हुतात्म्याची महती सांगितली, पाटणची पळी सांगितली. भाषण उत्तम झाले असे माझे मत होते. एक बाई डोळ्यांवरचा घाम कोपराने पुसून म्हणाली, "भाऊ, पुतळाले उजेड कराना शे. मंग आम्हनी गल्लीनं काय?"

मला उत्तर सुचले नाही. तिची वस्ती गावकुसाबाहेर. वळणावर दिवा नाही. पहाटे त्या अंधारात बायांना कुत्र्यांची भीती, सापकिरडाची भीती, आणि माणसांची भीती. मेलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड पाडण्यासाठी जिवंत माणसाने, स्वतः अंधारात उभे राहून, पैसे का द्यावेत? हा प्रश्न हुतात्म्याचा अपमान करणारा आहे असे एका शिक्षकमित्राचे म्हणणे पडले. मला तसे वाटत नाही. तो हुतात्मा असता तर त्यानेही हेच विचारले असते.

त्या वेळी मला बिलगावची आठवण झाली. बिलगाव आपल्याच जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या खोऱ्यात आहे. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे उलटली तरी तेथे वीज नव्हती. तेव्हा गावच्या आदिवासींनी, बाहेरून आलेल्या काही तंत्रज्ञांच्या मदतीने, उदई नदीच्या धबधब्यावर लहानसा वीजप्रकल्प उभा केला. बंधारा घातला, चर खणला, दगड डोक्यावरून वाहिले. पाड्यापाड्यांतील बायापुरुषांनी श्रमदान केले. २००३ साली दिवे लागले. प्रकल्प केवळ १५ किलोवॅटचा. शहरातील एखाद्या मंगल कार्यालयाला ती वीज एका लग्नाला पुरणार नाही. तेथे पाड्यापाड्यांवर दिवे लागले, आणि आश्रमशाळेतली मुले रात्री वाचू लागली. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्याने तो प्रकल्प गिळला.

त्या प्रकल्पाचे कोठे शिल्प नाही. पण वर्गणीचा इतिहास लिहावयाचा तर पाटणच्या पळीशेजारी बिलगावच्या दगडाच्या पाट्या मांडल्या पाहिजेत, असे मला वाटते. ज्यांनी स्वतःच्या हाताने उजेड आणला आणि तीन वर्षांत तो पाण्याखाली जाताना पाहिला, त्यांच्याइतकी दिव्याची किंमत दुसऱ्या कोणाला कळणार?

मी पुन्हा पथारीवर गेलो, आणि मग चौकात बैठक झाली. बैठक तीन रात्री चालली. एक व्यापारी गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "सगळा खर्च मी देतो. दिवे देतो, पाच वर्षांचे बिल आगाऊ भरतो. खांबावर वडिलांच्या नावाची पाटी लावा." हा माणूस वाईट नव्हे. आमच्या संपात त्याने इतरांच्या अगोदर करार केला होता. पुष्कळांना वाटले, प्रश्न मिटला. मलाही, खरे सांगतो, घटकाभर वाटले. वही ठेवायला नको, दारोदार फिरायला नको! तेव्हा तोच म्हातारा हमाल म्हणाला, की पाच वर्षांनी काय? आणि पाच वर्षे आम्ही त्या पुतळ्याखालून कोणाचे म्हणून जायचे?

शेवटी ठरले ते असे. पुतळ्यावरचा झोत आणि बायांच्या वळणावरचा दिवा, दोन्ही एकाच मीटरवर. लागतील तर दोन्ही लागतील, विझतील तर दोन्ही विझतील. हे कलम पथारीवरच्या बायांनी घातले, आणि आमच्या वहीतील ते सगळ्यांत शहाणे कलम आहे. झोत लहान वॅटचे, नव्या तऱ्हेचे घेतले, म्हणजे बिल हलके येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक टोळीने एका पोत्याची हमाली द्यावयाची, आणि खुडणाऱ्या बायांच्या टोळीने एका पाटीची मजुरी. एका पोत्याची हमाली ती काय! तिने कोणी बुडत नाही. पण टोळी कामावर आहे तोवर ती येत राहते. व्यापारी गृहस्थांना आम्ही सांगितले, की तुम्हीही एका पोत्याचेच द्या, वहीत इतरांच्या रांगेत नाव लिहू. ते दोन महिने रुसले. तिसऱ्या महिन्यात मोबाईलवरून पैसे आले, बरोबर एका पोत्याचे, आणि खाली लिहिले होते: "वडिलांच्या नावे मांडावे." तसे मांडले.

सारे सुरळीत चालले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. हंगाम संपला की बाजारात पोती येत नाहीत. पावसाळ्यात टोळ्यांच्या हाताला काम नसते. गेल्या श्रावणात तीन टोळ्यांचे पैसे आले नाहीत. मी त्यांना मागितलेही नाहीत, कारण त्यांच्या घरी काय शिजते हे मला माहीत आहे. त्या महिन्याचे बिल इतरांनी दुप्पट देऊन भरले, आणि वहीत त्या तीन टोळ्यांच्या नावापुढे शून्य न मांडता 'बाकी' असे लिहिले. त्यावरून बैठकीत वाद झाला. एक तरुण हिशेबनीस म्हणाला, बाकी म्हणजे कर्ज. गरिबाच्या डोक्यावर पुतळ्याचे कर्ज कशाला? म्हाताऱ्यांचे म्हणणे, की शून्य लिहिले तर त्यांना वाटेल आपण यातून गेलो. दोघांचेही बोलणे मला पटले. शेवटी ती जागा कोरी ठेवली. दिवाळीनंतर त्यांतील दोन टोळ्यांनी, कोणी न सांगता, आपापली कोरी जागा भरली. तिसऱ्या टोळीतील माणसे ऊसतोडीला गेली आहेत; ती उन्हाळ्यात परत येतील.

वही आता माझ्याकडे नसते. खुडणाऱ्या बायांपैकी एक जण दहावी झालेली आहे, ती ठेवते. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे आणि वसुलीही. वहीच्या पहिल्या पानावर तिने महिन्याच्या बिलाची तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे. येत्या महिन्यात ती चौदाला येते.